सोमवारचं वजन

मुलांनो,

तुमच्यातली मोठी आता डॉक्टर व्हायला शिकते आहे. मागच्या पत्रात तिनं विचारलं, "आजी, औषध लागू पडत असताना लोक ते मध्येच का सोडतात?" मला एकीचं कारण माहीत आहे. नीट आठवतं आहे, तोवर लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका महिलाश्रमाचं काम पाहत असे. कामाला लावतो म्हणून शहरात नेऊन विकलेल्या मुली सुटून आल्या की तिथं राहत. अक्कलकोटकडची एक, वीस वर्षांची, क्षय घेऊन आली. दीड वर्ष गोळ्या, पहिले काही महिने रोज इंजेक्शन. मध्ये सोडलं तर जगणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मला शिस्तीची भारी हौस. दर सोमवारी तिला अंगणातल्या काट्यावर उभी करायची, "सरळ उभी राहा, हात खाली," म्हणायची आणि वजन सगळ्यांना ऐकवायची. वजन वाढत होतं. तिलाही आनंद होत असेल, असं मी धरून चालले होते. चौथ्या सोमवारी ती कानडीत म्हणाली, "बेडा." नको. त्या दिवसापासून इंजेक्शन बंद, गोळ्याही बंद.

मी समजावलं, रागावले. शेवटी आमच्या मोडनिंबच्या स्वयंपाकीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, त्यो काटा बाजारात न्या की! हितं पोरी हायत, ज्वारी न्हाय."

चुलीशी बसलेली ती खाली बघतच बोलली, "इकलं तवा बी असंच उभं केलं हुतं. सरळ हो म्हनले."

मी तिच्याशेजारी चुलीपाशी बसले. विचारलं, "मग तू बरी होतेस हे मला कळायचं कसं?"

तिनं हात वर केला. बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. "ही काकणं मनगटापाशी थांबली की. पर मी सांगीन. तुमी इचारायचं न्हाई."

"लई शानी हाय," बाई म्हणाल्या.

काटा मी अडगळीत टाकला. दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात निघाली. न विचारणं मला फार जड गेलं. कित्येक महिन्यांनी एका दुपारी ती पिठाच्या हातांनीच माझ्या टेबलाशी आली आणि हात वर केला. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत.

"आता साबन लावल्याबिगर निघायच्या न्हाईत!" मागून बाई ओरडल्या. ती हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहिलं.

औषध तिनं पुरं केलं. झोप मात्र पुढं कित्येक वर्षं मोडत राहिली.

आश्रम आता नाही, स्वयंपाकीणबाईही गेल्या. ती आहे. फुफ्फुसावर जुना डाग आहे, थंडीत खोकते, आणि अक्कलकोट रस्त्यावर तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान चालू आहे.