दाजींचं ‘साभार’

वर्तमानपत्रावर आमच्या दाजींइतकं प्रेम करणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्याच वर्तमानपत्राने कोर्टात खेचलेलाही दुसरा कोणी माझ्या ऐकिवात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार सोनपेठ. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांना ब्लॉगचा नाद लागला. सकाळी पेपर आला की चहा पार गार होईपर्यंत तो वाचायचा आणि मग एका बोटाने बातम्या जशाच्या तशा मोबाइलवर उतरवायच्या. ऊसतोडीला गेलेली तालुक्यातली माणसं फडावर बसून त्या वाचत. शुद्धलेखन चुकलं असेल तर दाजी दुरुस्त करत. पुढाऱ्याचं भाषण लांबलं तर ‘इथून पुढं तेच ते’ असं लिहून तोडून टाकत. शेवटी न चुकता लिहीत, ‘साभार’. साभार म्हटलं की कुठलीही वस्तू आपली होते, अशी त्यांची श्रद्धाच होती. शेजाऱ्यांच्या परसातला कढीपत्ता तोडतानाही ते ‘साभार’ म्हणतात, असं आक्का सांगायची.

मग पेपरच्या वकिलाची नोटीस आली. उतरवलेल्या बातम्यांची भली मोठी यादी, कॉपीराइटचा भंग, भरपाई, माफी. दाजींनी नोटिशीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने सुधारल्या आणि उत्तर न देता ती फडताळात ठेवून दिली. पुढे जिल्हा न्यायालयाचं समन्स आलं, तेव्हा मात्र त्यांनी लाल पेन हातात घेतलं नाही. आक्काचं जेवणावरून मन उडालं. राहतं घर जातंय की काय, एवढंच ती विचारायची. मी परभणीतल्या ओळखीच्या वकीलबाई गाठल्या. घडलेली घटना कुणाच्या मालकीची नसते, पण ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द पेपरचे, आणि आभार मानणं म्हणजे परवानगी नव्हे, असं त्यांनी समजावलं.

“म्हंजे मी चोरच की,” दाजी एवढंच म्हणाले.

तारखेच्या आदल्या दिवशी बाई यादी तपासत असताना दाजींनी एका बातमीवर बोट ठेवलं. पेडगावचा एक म्हातारा पैलवान वारल्याची ती बातमी. मौतीला दाजी स्वतः गेले होते, लिहिलंही त्यांनीच. पेपरच्या सोनपेठच्या वार्ताहराने ती ब्लॉगवरून शब्दन्‌शब्द उचलून नंतर छापली होती. ब्लॉगवरची तारीख आधीची होती, वाद घालायला जागाच नव्हती. बाई खुर्चीत सरसावून बसल्या. हे मांडलं तर उलट पेपरवरच दावा लावता येईल, म्हणाल्या. दाजींनी नकारार्थी मान हलवली. त्या वार्ताहराचं नुकतंच लग्न झालंय, पेपरवाले त्याला काढून टाकतील, असं त्यांचं म्हणणं. मी चिडलो. आक्काचा तर तोल गेला.

“घरापरीस तो मोठा झाला का तुमाला?”

“तो बी माझ्यासारखाच हाय. आवडलं म्हणून घेतलं,” दाजी म्हणाले. “साभार लिहायचं तेवढं इसरला.”

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पेपरच्या वकिलाने तडजोड पुढे केली. यादीतली प्रत्येक बातमी काढायची, प्रत्येकीबद्दल लेखी माफी मागायची. मग भरपाई सोडू. बाईंनी दाजींकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर चित्र पालटलं असतं. त्यांनी माफीनामा सावकाश वाचला, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला आणि सही केली. स्वतःच्याच लिखाणाची चोरी त्यांनी स्वतःच्या हाताने कबूल केली.

घरी आल्यावर ते एकेक बातमी आक्काला मोठ्याने वाचून दाखवत आणि पुसत बसले. पैलवानाची आली तेव्हा वाचलं नाही.

“ही ठिवा की,” आक्का म्हणाली. “ही तर तुमची हाय.”

“सही केली न्हाई का,” म्हणत त्यांनी तीही पुसली.

हल्ली ते स्वतः पाहिलेलं तेवढंच लिहितात. गुडघे दुखतात, फार लांब जाणं होत नाही. कधी गल्लीतल्या एखाद्या लग्नाचं लिहितात, कधी आठवडा आठवडा काहीच नसतं. मी तरी रोज सकाळी ब्लॉग उघडून बघतो.