कॅथेड्रलातली चिमणी

डिसेंबर लागला की माझा पाय घरात ठरत नाही. माहेर म्हसवडचं, वाडवडील मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले. ही पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण यंदाची तगमग निराळी होती. सकाळी वडूजहून स्कूटी काढायची, येरळवाडीचा तलाव गाठायचा, बांधावर उभं राहून पलीकडच्या काठाला डोळे लावायचे. घरी येऊन चहा टाकला तरी मन तिथंच. दूध किती वेळा उतू गेलं ते विचारूच नका. मी फ्लेमिंगोंची वाट बघत होते, आणि तीही स्वतःसाठी नाही.

ते बघायचे होते माझ्या सांगलीच्या मैत्रिणीला. साखरेनं तिचा डावा डोळा कधीच नेलेला. उजव्याच्या पडद्याचं ऑपरेशन नाताळ झाल्यावर मिरजेला ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, प्रयत्न करू, खात्री देत नाही. हे तिनं मला फोनवर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाली की यंदा तरी तुझे ते फ्लेमिंगो दाखव, दर वर्षी नुसत्या बाता मारतेस. मी हसले. फोन ठेवला आणि तशीच स्कूटी काढून तलावावर गेले.

बाता नव्हत्या त्या. पण तिला तरी कसा दोष द्यायचा? ती यायची त्याच दिवशी ते पक्षी दुसऱ्या कुठल्या पाण्यावर गेलेले असायचे, ती सांगलीत पोचली की इकडं हजर. माझी पत पार गेली होती.

आम्ही तिघी मैत्रिणी. सांगलीला डी.एड.ला होतो तेव्हा हॉस्टेलात एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनचं हे लचांड. मी आणि सांगलीवाली मास्तरणी झालो आणि त्याच कामात रिटायर झालो. तिसरीनं वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरातल्या फौजीशी लग्न केलं, छावण्या-छावण्यांतून संसार हलवला, आणि नवरा पेन्शनीत निघाल्यावर गावी येऊन बसली. त्याला सगळं गाव मेजर म्हणतं, म्हणून आम्ही हिला मेजरीण म्हणतो. आवाजही तसाच आहे तिचा.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तलावावर भेटतो. हा आमचा सण, कुठल्या कॅलेंडरात नाही. मी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथावर उधळलेलं खोबरं जपून ठेवलेलं असतं, ते नेते; त्याला गुलाल लागलेला असतो, तो झटकायचा आणि खायचं. मेजरीण गुऱ्हाळावरची ताजी काकवी आणते. सांगलीवाली नाताळचा फराळ आणते. करंज्या, चकल्या, शेव, सगळं दिवाळीसारखंच, आणि शिवाय रव्याचा केक. केकचं मिश्रण घरी कालवायचं आणि डबे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत लावून आणायचे. भट्टीपुढं सगळ्या आळीच्या बायका आपापल्या डब्यावर नजर ठेवून बसतात, कारण डबे बदलतात. एका वर्षी हिच्या वाट्याला दुसऱ्याच कुणाचा करपलेला केक आला होता. तिनं तोही आणला, आणि आम्ही काकवी घालून तोही खाल्ला.

अशाच एका डिसेंबरात आम्ही तिघी गोव्याला गेलो होतो. तिथली कथा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जाताना एसटीत मेजरीण माझ्या चष्म्यावर बसली. माझा नंबर एवढा मोठा की चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचं नाक कुठं संपतं तेही कळत नाही. जुन्या गोव्यातल्या त्या मोठ्या कॅथेड्रलात शिरलो तेव्हा माझ्यापुढं नुसता पिवळा धूर. एवढ्या लांब येऊन आंधळ्यासारखी उभी! मेजरीण तेवढ्यात, अमक्या छावणीत असताना याहून मोठं बघितलंय, असं सांगायला लागली. मला रडूच यायचं बाकी होतं. सांगलीवालीनं माझा हात धरून मला पुढच्या बाकावर बसवलं आणि कानाशी लागून एकेक सांगायला लागली. वेदीमागं भिंतभर सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूड आहे, त्यावर वेली आहेत, खांब पिळे घातलेले आहेत. आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये असला झगमगाट नसतो गं, आमचं आपलं कौलारू, पण आवाज इथला मोठा आहे, म्हणाली. आणि एका गाण्याची ओळ तिनं अगदी हळू म्हटली. ती ओळ वरून घुमून परत आमच्याकडं आली. मग म्हणाली, वर एका सोन्याच्या फांदीवर खरीखुरी चिमणी बसलीय, मान वाकडी करून आपल्याकडंच बघतेय.

त्या चिमणीनं मला असा आनंद झाला म्हणून सांगू! घरी फोन करून सांगितलं. शाळेत जाऊन पोरांना सांगायचं ठरवलं. आणि परतीच्या गाडीत ही बया हसत म्हणते, चिमणी नव्हती गं, तुझं तोंड एवढंसं झालं होतं म्हणून घातली.

माझ्या डोक्यात जी सणक गेली! मला दिसत नाही म्हणून वाटेल ते माझ्या पदरात घालायचं? मग सोनं तरी होतं का? खांब तरी पिळ्याचे होते का? एका चिमणीपायी माझं अख्खं कॅथेड्रल खोटं झालं होतं. कोल्हापूर येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. स्टँडवर उतरल्यावर तिनं माझा हात धरला आणि शब्द दिला, की इथून पुढं नसलेलं काही सांगणार नाही. मीही दिला. मेजरीण म्हणाली, तुमी दोघी येड्या हायसा, एका चिमणीवरनं. पुढं आम्ही दोघींनी तो शब्द पाळला, साड्यांच्या बाबतीतसुद्धा. त्यानं बऱ्याचदा भांडणं झाली.

आता यंदाचं. डिसेंबरच्या सुरुवातीलाच फ्लेमिंगो आले. पलीकडच्या उथळ पाण्यात गुलाबी रांग, माना चिखलात घातलेल्या. मी बांधावरूनच फोन लावला, उद्याच ये म्हटलं. ती म्हणाली, जमायचं नाही. नाताळच्या गाण्यांचा सराव चालू आहे, पेटी तिच्याशिवाय कोण वाजवणार, आणि रात्री घरोघरी गात फिरायचं ते वेगळंच. आधी नाताळ, मग पक्षी, मग डोळा, असा तिनं क्रम लावून टाकलेला. मी चिडले. पक्षी काय तुझ्या पेटीसाठी थांबणार आहेत का, असं बोलून गेले. ती शांतपणे म्हणाली, थांबले तर थांबले. तिला अंदाजानं पेटी वाजवता येते, नोटेशन दिसत नाही आता. पण समोर बसलेल्यांची तोंडं या वर्षी एकदा नीट बघून घ्यायची होती. हे तिनं सांगितलं नव्हतं. मला मागाहून मेजरिणीकडून कळलं, आणि मी स्वतःशीच चरफडले.

मग माझं रोजचं तलावावर जाणं राखणीचं झालं. ढग आले की वाटायचं, गेले आता. कुणी जाळं टाकायला आलं की वाटायचं, गेले. चतुर्थीच्या दिवशी सुद्धा गणपतीला न जाता आधी पक्ष्यांना जाऊन आले. आमचे हे म्हणाले, आता त्यांना हळदकुंकू तेवढं लाव. नाताळच्या दिवशी सकाळी गेले तर रांग जागच्या जागी होती. मी तिला नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि सांगितलं, आहेत, उद्या या. जिवाला जरा गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जाऊन पोचले. धुकं होतं. ते विरळ व्हायला लागलं तसा पलीकडचा काठ दिसला, आणि काठावर काही नव्हतं. पाणी, चिखल, चार बगळे. मेंढरं घेऊन चाललेला एक जण म्हणाला की काल सुट्टीला पोरं आली होती, ड्रोन उडवत होती, त्या आवाजानं सगळी पाखरं उठली ती परतलीच नाहीत. मी त्या पोरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन हातात घेतला. मेजरांच्या गाडीतून ते तिघं केव्हाच निघालेले, विटा मागं पडलेलं. परत फिरा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? मी बांधावर येरझाऱ्या घालत राहिले.

गाडी आली. मेजर गाडीतच सीट मागं करून पडले. सांगलीवाली नवी साडी, वर शाल, केसात फूल घालून उतरली. मेजरिणीनं एका हातात तिची फराळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात ती, अशा दोघींना आणलं. घडीची खुर्ची मांडून तिला पाण्याकडं तोंड करून बसवलं. मी डबे उघडायच्या गडबडीत असल्यासारखं दाखवत होते. आधी खाऊन घ्या म्हटलं. सांगलीवाली म्हणाली, आधी ते.

मेजरिणीनं नवऱ्याची फौजेतली दुर्बीण डोळ्याला लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, आणि खाली केली. माझ्याकडं बघितलं. मी नकाराची मान हलवली. तिनं लगेच आपला तो छावणीतला आवाज काढला.

"हायती की! लय हायती. ते बघ, त्या कडंला, गुलाबी रांगच्या रांग."

सांगलीवालीनं तिकडं तोंड वळवलं. उजवा डोळा बारीक केला, पुढं वाकली. काहीतरी पांढरं दिसतंय, म्हणाली. ते बगळे होते. मेजरीण म्हणाली, उन्हानं पांढरी दिसत्यात, जवळनं गुलाबी. आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता. मला कळत होतं तिचं. उद्या ही मिरजेला टेबलावर आडवी होणार. एक शब्द तर बोलायचा होता. त्यानं कुणाचं काय जाणार होतं? तिला पलीकडचा काठ दिसत नव्हता, पुढं कदाचित कधीच दिसणार नव्हता. जिभेवर आला होता तो शब्द.

पण ती मेजरिणीकडं बघतच नव्हती. खुर्चीतून वळून, मी जिथं उभी असेन असं वाटलं तिकडं तोंड करून ती म्हणाली,

"तू सांग. आहेत?"

मला कॅथेड्रलातला तो पिवळा धूर आठवला. वर चिमणी आहे असं ऐकल्यावरचा तो आनंद आठवला, आणि गाडीतलं तेही आठवलं.

"नाहीत," मी म्हणाले. "काल होते. आज एकही नाही."

मेजरिणीनं दुर्बीण खुर्चीवर आपटली आणि पाठ फिरवली. मला रडू फुटलं. एवढी मोठी बाई, बांधावर उभी राहून पदरात तोंड खुपसून रडले. तिला द्यायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि होतं तेही मी दिलं नाही, असंच वाटत होतं.

सांगलीवालीनं हात लांब करून माझा पदर चाचपून धरला आणि मला ओढून खाली बसवलं.

"बरं झालं," म्हणाली. "बघून झाले असते तर उद्या मी निवांत पडले असते त्या टेबलावर. मला एवढ्यात निवांत व्हायचं नाही."

मेजरीण पाठमोरीच होती. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

मग आम्ही खाल्लं. केक, खोबरं, काकवी, सगळं एकात एक. नाहीत ते नाहीत, आहे काय ते सांग, सांगलीवाली म्हणाली. मी सांगत गेले: चार बगळे आहेत, मधोमध चक्रवाकाची जोडी आहे, खुंटावर पाणकावळा पंख वाळवत बसलाय. मेजरीण मधूनमधून, व्हय, हाय, हाय, म्हणत होती, शपथेवर साक्ष दिल्यासारखी. खोबऱ्याचे तुकडे पडले होते तिथं एक धोबी पक्षी तुरुतुरु आला. तो मी सांगायच्या आधीच सांगलीवालीनं बघितला. शेपटी हलतेय त्याची, म्हणाली.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळतं, माणसांचे आकार अजून कळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थांबा. थांबणं हे काय असतं ते मला विचारा. मी रोज सकाळी तलावावर जाते, रोज हात हलवत परत येते, आमच्या ह्यांनी आता बोलायचंही सोडलंय.

परवा गेले तर पलीकडच्या काठाला गुलाबी रांग होती. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तिथूनच फोन केला.

"आलेत," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले मी. तिनं खरं का म्हणून विचारलं नाही, किती म्हणून विचारलं नाही, शपथ घातली नाही.

"मग धरून ठेव त्यांना," ती म्हणाली, "मी येतेय."

आज सकाळपर्यंत तरी आहेत.