सिंधच्या गाठी संपल्यावर

वर्धा जिल्ह्यातल्या एका गिरणीत मी रुई पारखायचो. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू काळ्या कापडावर मांडायचे आणि चिठ्ठीवर लिहायचं, लांब की आखूड. बारीक सुताला लांब तंतू लागतो. तो तेव्हा सिंधकडून, म्हणजे नव्या पाकिस्तानातून यायचा. आपला कोळसा तिकडे, त्यांची रुई इकडे. फाळणीनंतरही काही वर्षं हे चाललं.

मग तिकडे जमिनीतून गॅस निघाला. नळ टाकून तो कराचीच्या कारखान्यांत नेला. आपल्या कोळशाची त्यांची गरज कमी होत गेली, आणि आमच्या गोदामात सिंधच्या गाठी येईनाशा झाल्या. आमच्या रुईखात्याच्या साहेबांनी इथलीच आखूड रुई मिसळायला लावली. वर मला म्हणाले, "चिठ्ठीवर लांबच लिहा. मालकांना कळता कामा नये."

मी लिहीत गेलो.

सूत कातायच्या साच्यांवर धागा सारखा तुटू लागला. तिथं आंजीकडचा एक वयस्क कामगार होता. पूर्वी तो रुईखात्यात असायचा, अंगठ्यांची पकड मला त्यानंच शिकवली.

"बुढ्ढ्याचे हात थरथरून राह्यले," जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, सगळ्यांदेखत हसायचा.

"हात नाई रे बाप्पा, रुई मेली हाये!"

शेवटी मालकांनी चौकशी केली. मला बोलावून विचारलं, "रुई बदलली का?" साहेब शेजारीच उभे होते. माझं लग्न ठरलेलं, दुसरं काम कुठं दिसत नव्हतं. सबब म्हणून नाही सांगत, होतं ते सांगतो.

"नाही. तीच आहे," मी म्हणालो.

दोष त्या वयस्क कामगाराच्या हातांवर आला, आणि त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

संध्याकाळी तो फाटकाबाहेर थांबला होता. मुठीतला रुईचा पुंजका त्यानं माझ्या हातावर ठेवला. "घे, ओढून पाय. आता साहेब नाई इथं. नोकरी गेली ते जाऊ दे. मले फक्त सांग, माह्या हातात खोट व्हती का?"

मी ओढला. पुंजका लगेच सुटला. अंगठ्यांना कळलं. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं.

"लांब आहे, काका."

तो माझ्या तोंडाकडे नाही, अंगठ्यांकडे बघत राहिला. "म्याच शिकवलं तुले," एवढंच म्हणाला, आणि आंजीच्या वाटेला लागला.

आखूड होती. त्याच्या हातात काहीही खोट नव्हती.