हात ओळखणारे शब्बीरचाचा

नुसती चव घेऊन खवा कुणी आटवला, हे माणसाला कसं कळतं?

मला सांगता येत नाही. डेअरीची डिग्री असूनही.

शब्बीरचाचांना कळायचं.
आज त्यांचा चाळिसावा; त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले.

भूमजवळ आमचं छोटं खवा युनिट आहे. सहा बायका, सहा भट्ट्या. खवा पारखायचं काम चाचांचं. ते रोज प्रत्येक कढईतला चिमूटभर खवा जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि करणारीचं नाव सांगायचे. बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

मग मी सुपरवायझर झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट, अंगात नुसता उत्साह! सिस्टीम बसवायची म्हणून सगळ्यांचा खवा एकाच परातीत मिसळायला लावला. एक बॅच, एक नंबर.

चाचांनी चव घेतली.
"बेटी, ह्यात सहा बाया भांडायल्यात."

सगळ्या हसल्या. मीही हसले.
पण ऐकलं नाही.

आठवड्यात खवा बिघडला. कुणी लवकर उतरवायचं, कुणाचा करपायचा. आणि सगळ्यात चांगला हात असलेल्या सुमनमावशी काम सोडते म्हणाल्या. मी पगाराचं बोलायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"आता म्या केला काय न् दुसरीनं केला काय, कुणाला कळतंय?"

मी चाचांकडं गेले. ते रागावले नाहीत. कढया वेगळ्या ठेव आणि सुमनला फक्त उद्याचा दिवस ये म्हण, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एका कढईपाशी ते बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"सुमन, माहेरचं कोण आलंय गं? हात लई खुशीत हाय."

मावशींचा भाऊ आदल्या दिवशीच आला होता!
त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. काम सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

चाचांनी त्या भावाला स्टँडवर पाहिलं होतं का, हे मी त्यांना कितीदा विचारलं. नुसते मिशीत हसायचे.

चाचा, तुम्हाला मनापासून सलाम. तुमची जीभ मला काही यायची नाही.

म्हणून सोमवारी मी फळ्यावर पाळी लावली. रोज एकीनं डोळे मिटून सगळ्यांच्या खव्याची चव घ्यायची आणि नावं सांगायची.

आज सुमनमावशींची पाळी होती. बाकी पाचही नावं बरोबर आली.
स्वतःचा खवा मात्र ओळखता आला नाही.
म्हणाल्या, "ही कोण गं? लई गुणाचा हात हाय."