हॉर्न व्यवहारात नव्हता

आधीच स्पष्ट सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध, आजोबांच्या काळापासून. लिंबू-मिरची, अंगारा, उतारा यातलं काही आमच्या उंबरठ्याच्या आत आलेलं नाही. माझा धंदा जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या... वर्ध्याला लागून पिपरी मेघे आहे, तिथे. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केली होती. या धंद्यात समोर उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दावरसुद्धा मी विश्वास ठेवत नाही, तर न दिसणाऱ्यावर कुठून ठेवणार? त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर खुशाल हसा. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

माझी मुलगी प्रणाली आरोग्य सेविका आहे. तिचं उपकेंद्र हिंगणीच्या पलीकडे. रोज स्कूटीने वर्धा, सेलू, हिंगणी आणि पुढे. हेल्मेट घालते, खाली ओढणी बांधते, तरी संध्याकाळी ओढणी सोडली की नाकाजवळ काळा डाग दिसतोच. तो डाग पाहिला की माझं डोकं फिरतं. माझ्या गाडीची पीयूसी संपली की लगेच मोबाईलवर चलान हजर. आणि मुरूम वाहणारे टिप्पर काळा धूर सोडत, मागची नंबर प्लेट चिखलाने माखून दिवसाढवळ्या जातात, ते कोणाच्या कॅमेऱ्यात येत नाहीत! बरं, पीयूसीची तरी काय मातब्बरी? ओळखीच्या व्हॅनवाल्याला गाडीचा फोटो पाठवला की कागद येतो. गाडी गोठ्यासमोर उभी, आणि धूर कागदावर एकदम स्वच्छ.

असो. मुद्दा वळणाचा आहे.

सेलूहून हिंगणीला जाताना एक वळण लागतं. एका बाजूला नाल्याचा उतार, दुसऱ्या बाजूला बाभळी. समोरून काय येतंय ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. तिथे पूर्वी मोहाच्या झाडाखाली वाघोबाचं ठाणं होतं. शेंदूर फासलेला दगड आणि वर पत्रा, एवढंच. जंगल जवळ, म्हणून वाघोबा. तिथून जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न द्यायची. एसटी, ट्रक, दुधाच्या गाड्या, नवरदेवाची गाडी... सगळे. मी क्लीनर होतो तेव्हा आमचा ड्रायव्हर पहिल्याच फेरीत म्हणाला होता, "तुले हात जोडाचे नसन तं नको जोडू. पन उद्या ष्टेरिंगवर बसला अन इथं हॉर्न नाई मारला, तं उतरवून देईन, पायी येजो." तेव्हापासून मीही तिथे हॉर्न देत आलो. श्रद्धा वगैरे काही नाही, सवय.

मग रस्ता रुंद झाला. मोह तोडला. ठाणं हिंगणीच्या बाजूला, पुढे सरळ रस्त्यावर नेलं. वाजतगाजत नेलं, टाइल्स लावल्या, ग्रिल लावलं, लोक खूश. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या नव्या जागी हॉर्न द्यायला लागल्या! जिथे लांबवर सगळं उघडं दिसतं तिथे पों-पों, आणि वळणावर चिडीचूप. देव हलला तसा हॉर्नही हलला. वळण मात्र जागेवरच राहिलं.

त्याच वळणावर एका जीपने प्रणालीला दाबलं. ती नाल्याच्या उतारावर पडली, हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने जायला लागली. मी म्हटलं, बदली माग. ती म्हणाली, "बाबा, तिकडच्या बाया अर्ध्या रात्री मलेच फोन करतात. बदलीचं नाव नका काढू."

मग मी रस्ते बांधकामाच्या ऑफिसात अर्ज करायला लागलो. वळणावर एक गोल आरसा लावा, एक गतिरोधक करा, नाहीतर निदान पाटी लावा. माझ्यासारखा भाव करणारा माणूस या जिल्ह्यात कमी असेल. भल्या भल्या यार्डवाल्यांना मी घाम फोडलेला आहे. पण त्या ऑफिसातून मला एक आरसा सुटला नाही. साहेब मीटिंगमध्ये. साहेब दौऱ्यावर. "पाहू ना भाऊ." टेबलावर हात आपटून झाला, आवाज चढवून झाला. शेवटी मीच पत्र्याची पाटी रंगवून घेतली, 'वळण आहे, हॉर्न द्या', आणि बाभळीला ठोकली. ती त्यांनी काढून नेली. अनधिकृत म्हणे! माझा अर्ज जागचा हलत नाही, पण माझी पाटी मात्र लगेच दिसली.

आता त्या दिवसाचं सांगतो. लख्ख ऊन होतं, दुपार व्हायची होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण असले अनुभव म्हटले की लोक अंधारच धरून चालतात.

हिंगणीला गुलाबराव म्हणून एक दूधवाले. गुडघे गेले म्हणून धंदा बंद करत होते आणि त्यांची जुनी पिकअप विकायची होती. मी पाहायला गेलो. चालू केली तर मागे काळा ढग.

"किती धूर सोडते जी ही!"

"पीयूसी आहे ना भाऊ, चालू."

"कागदाची आहे. गाडीची कुठं आहे?"

"तुमी गाडी घ्याले आले का सोयरीक मोडाले आले? खोटच काढून राह्यले मघापासून!"

टायर, क्लच, धूर, सीटचं फाटलेलं रेक्झिन... एकेक दाखवत मी त्यांना पार खाली आणलं. शेवटी म्हाताऱ्याने हातात हात दिला, पण तोंड उतरलं होतं. आत गेले आणि पाना घेऊन बाहेर आले. बॉनेट उघडलं.

"हे काय करून राह्यले?"

"एवढ्या पैशात गाडी तुमची. हॉर्न माहा. हॉर्न व्यवहारात नव्हता."

"अन वर्ध्यापर्यंत मी काय तोंडानं वाजवू?"

"वाजवा ना! हॉर्नपेक्षा मोठंच आहे तुमचं."

आतून त्यांची बायको हसलेली मला ऐकू आली. मी भडकलो, पण सौदा मोडण्याइतका नाही. तो प्रेशर हॉर्न होता, पासिंगला मला काढावाच लागला असता. कंपनीचा मूळ हॉर्न तर कधीच गेलेला होता. गुलाबरावांनी भोंगे, पाईप, हवेचा छोटा पंप सगळं सोडवलं आणि उघड्या तारांना काळी टेप गुंडाळली. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून पाहिलं. काहीच नाही. साधी कटकटसुद्धा नाही.

निघालो. रागाने गावाबाहेर पडेपर्यंत ते मेलेलं बटण दाबत होतो. वाघोबाच्या नव्या जागेवर सवयीने परत दाबलं. शांत. पुढे वळण दिसायला लागलं. माझा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा गिअरवर...

आणि हॉर्न वाजला.

दोन लहान, एक लांब. बाहेरून नाही, माझ्याच गाडीचा. पायाखालचा पत्रा थरथरला, स्टिअरिंग हाताला झिणझिणलं. खरं सांगतो, भीती वाटली नाही. पहिला विचार आला की म्हाताऱ्याने फसवलं, गाडीत कुठेतरी दुसरा हॉर्न आहे! कचकन ब्रेक मारला, गाडी डावीकडे मुरमावर उतरवली. उतरवताना इंजिन बंद पडलं, तरी तो तिसरा, लांब हॉर्न चालूच होता. मग संपला.

तेवढ्यात वळणातून टिप्पर आला. सगळा माझ्या बाजूने. ब्रेक किंचाळले, आणि मी न थांबता गेलो असतो तर जिथे असतो बरोबर तिथे तो येऊन थांबला. धूळ आणि काळा धूर, पुढचं काही दिसेना. धूर विरला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे, कडेला खाली उतरवलेली एक स्कूटी दिसली. एक पाय टेकवून उभी, ओढणी बांधलेली मुलगी.

प्रणाली.

टिप्परवाला तिला ओव्हरटेक करत होता, वळणावर. मला पाहून त्याने गाडी वळवली असती तर ती तिच्यावरच गेली असती. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती.

त्याने खिडकीतून डोकं काढलं. "भाऊ, बरं झालं हॉर्न मारला! नाई तं आज गये थे अपन सब."

या माणसाला काय काय बोलायचं ते मी कित्येक महिन्यांपासून मनात जमवून ठेवलं होतं. यालाच नाही, असल्या सगळ्यांनाच. ते सगळं राहिलं, मी दार उघडून आधी खाली उतरलो.

प्रणाली रस्ता ओलांडून आली. "बाबा? तुमी? मले वाटलं गुलाबकाका येऊन राह्यले. त्यांचाच हॉर्न होता ना? रोज सकाळी उपकेंद्रापुढून जातात. ते कशी चालवतात माहीत आहे मले, म्हणून आधीच खाली उतरली मी."

"तू या वेळी इथं काऊन?"

"सेलूले मीटिंग होती. तुमी असे घामानं काऊन भिजले?"

"गाडीले हॉर्न नाई, पोरी."

"काय?"

मी बॉनेट उघडून दाखवलं. रिकामी पट्टी, जिथून बोल्ट काढला तिथे गंज खरवडून पत्रा चकाकत होता. टेप गुंडाळलेल्या तारा लोंबत होत्या. टिप्परवाला उतरून आला, वाकून पाहिलं, मग स्वतः गाडीत बसून चावी फिरवली आणि बटण दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. मग तो खाली उतरला, मोहाचं खोड जिथे होतं तिकडे तोंड करून उभा राहिला. गळ्यातला गमछा डोक्यावर घेतला, हात जोडले आणि टिप्परवर चढला. गेला तो इतका हळू गेला की धूरही निघाला नाही.

मी तिथूनच गुलाबरावांना फोन लावला.

"हॉर्न कुठं आहे?"

"आता वापस मांगता का? नाई देत."

"आहे कुठं, ते सांगा ना!"

"इथंच ओट्यावर पडून आहे. म्हैस हुंगून राह्यली त्याले."

"आत्ता वाजवला का कोनं?"

"बॅटरीबिना? भाऊ, ऊन लागलं का तुमाले?"

पिपरीला आल्यावर मी आमच्या इलेक्ट्रिशियनकडून ती गाडी पूर्ण उघडून घेतली. सीट काढल्या, डॅशबोर्ड खोलला. काही नाही. तो म्हणाला, "भाऊ, सापडत नाही ते नेमकं काय आहे, ते तरी सांगा." मी त्याच्या हातात मजुरी ठेवली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या गाडीचा हॉर्न असेल. माझ्या मागे गाडी नव्हती, टिप्परच्या मागेही नव्हती. तुम्ही म्हणाल, भास. तिघांना एकच भास? आणि प्रणालीला तर मी गाडी घ्यायला गेलोय हेही माहीत नव्हतं, तरी तिने गुलाबरावांचाच हॉर्न ओळखला. वाघोबा म्हणाल, तर त्याला तर सगळ्यांनी वाजतगाजत पुढे नेऊन बसवलं. मग मागे कोण राहिलं?

प्रणाली एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं सगळ्यायनं तिथं हॉर्न दिला. जागेलेच सवय लागली असन."

"सवय माणसाले लागते. रस्त्याले नाई," मी म्हटलं. पण तिथे हॉर्न देत जा, हेही सांगितलं.

त्यानंतर मी आणखी एक अर्ज केला. या वेळी उत्तर आलं. सदर ठिकाणी अलीकडे अपघाताची नोंद नाही, सबब उपाययोजनेची आवश्यकता दिसून येत नाही. प्रणालीचा मोडलेला हात कोणी नोंदवला नव्हता, आणि त्या दिवशी तर कोणाला खरचटलंही नाही. अपघात का झाला नाही, ते अर्जात कसं लिहू? लिहायला बसलो होतो. 'गाडीत नसलेला हॉर्न वाजल्यामुळे' इथपर्यंत आलो आणि कागद फाडला. भांडायचंसुद्धा आता त्राण राहिलेलं नाही.

पिकअप अजून विकली नाही. इंजिनचं काम केलं, धूर बंद झाला, गाडी मशीनवर नेऊन खरी पीयूसी काढली. साधा, कायद्यातला हॉर्न बसवला. गिऱ्हाइकं येतात, भाव चांगला सांगतात. मीच काहीतरी खुसपट काढून त्यांना परत पाठवतो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

टिप्पर तसेच जातात. नव्या जागी पों-पों तशीच चालते. प्रणाली मात्र वळणावर हॉर्न देते आणि उपकेंद्रात गेली की मला 'पोहोचली' असा मेसेज करते. तो येईपर्यंत मी कोणाशी सौदा बोलत नाही, कारण तोवर माझं लक्षच नसतं. आयुष्यभर समोरच्याचा चेहरा वाचून भाव केला. इथे समोर कोण आहे तेच माहीत नाही. एकदा वाजला... पुन्हा वेळ आली तर वाजेल, असा शब्द मी कोणाकडून घेऊ?