ताई हसल्या म्हणून

त्या लाँड्रीत मालकापेक्षा ताईंच्या नाकाचा दरारा मोठा होता. मालक ओरडला तर बायका "हो, हो" म्हणायच्या आणि आपलं चालू ठेवायच्या. ताईंनी नुसतं नाक वर करून "जळतंय!" म्हटलं, की खोलीतल्या साऱ्या इस्त्र्या एकदम वर उचलल्या जायच्या. मग कुणाच्या तरी इस्त्रीखालचा अभ्रा करपायच्या बेतात सापडायचा आणि ती बाई ओशाळून जीभ चावायची. चादरीला डाग पडायच्या आधी ताईंना वास यायचा, हे तिथं सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं.

खोली लांबट होती. दोन्ही बाजूंना इस्त्रीची टेबलं, मधोमध मोठा तापलेला रोलर, त्यातून हॉटेलांच्या चादरी सपाट होऊन बाहेर पडायच्या. टोकाला काचेचं दार आणि दारापलीकडे ड्रायरची खोली. तिथं ताईंची सख्खी धाकटी बहीण काम करायची. ओले कपडे यंत्रात भरायचे, सुकलेले काढायचे आणि मागच्या जाळीत अडकलेला कापसाचा भुगा खरवडून काढायचा, हे तिचं काम. दोघी एकाच घरात राहायच्या. ताईंनी लग्न केलं नाही, धाकटीचं टिकलं नाही, आणि दोघींचं मिळून छान चाललं होतं.

रोलर मध्येच थांबवला की आतल्या चादरीवर पिवळा पट्टा उमटायचा आणि मग तो ढीग पुन्हा धुवायला. म्हणून तिथं एक रीतच पडली होती, की ताईंच्या शब्दाशिवाय कुणी हात थांबवायचा नाही. एकदा एका बडबड्या बाईनं ती रीत मोडली. "आग! आग!" करत तिनं रोलर बंद केला, सगळ्या अंगणात पळाल्या, आणि शेवटी निघालं काय, तर कुणीतरी हीटरवर डबा गरम करायला ठेवला होता. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं "बंब". ती दारातून आत आली की कुणीतरी घंटा वाजवल्यासारखा आवाज काढायचंच. बिचारी हसायची, पण पुन्हा कधी काही जळल्याचं बोलली नाही. वास आला तर नाक मुरडून ताईंकडे बघायची आणि गप्प बसायची.

आता खरी गोष्ट. ताईंना वास येतच नव्हता.

मागच्या हिवाळ्यात ताईंना जबर सर्दी-ताप झाला. ताप गेला, सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. एका सकाळी त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, मागं दूध उतू जाऊन करपत होतं, आणि आतल्या खोलीतून धाकटी धावत आली. "अगं, वास नाही आला?" तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, "आला की. तू किती वेळानं येतेस ते बघत होते." धाकटी हसली आणि पातेलं घासायला घेतलं. वीस-पंचवीस वर्षं ज्या नाकावर मान मिळवला, ते गेलं हे सांगायचं कुणाला? सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून आपण चारचौघींसारख्या एक. ताईंना ते सोसलं नसतं. मान हा प्रकार असाच, सोडवत नाही.

मग त्यांनी युक्ती काढली. स्वतःचं नाक गेलं, पण बंबचं होतं ना! बंबची नाकपुडी थरथरली आणि तिनं चोरून इकडं पाहिलं, की ताई खणखणीत ओरडायच्या, "जळतंय!" इस्त्र्या वर. अभ्रा वाचायचा. "काय बाई नाक आहे तुमचं," असं घड्यांवाली दर वेळी म्हणायची. चादरींच्या घड्या घालणारी ही बाई शांत, कमी बोलणारी. तिनं कौतुक केलं की ताई आणखीनच फुलायच्या. युक्ती इतकी बेमालूम जमली, की आपल्याला वास येत नाही हे ताई स्वतःच अधूनमधून विसरायच्या.

त्या दिवशी कामाचा डोंगर होता. आदल्या संध्याकाळी ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा केस कानापर्यंत कापून घेतले होते, आणि सकाळपासून त्यांना मान उघडी पडल्यासारखं वाटत होतं. बंबला सर्दी झाली होती. ती रुमाल नाकाला लावूनच काम करत होती, शिंकत होती, नाक पुसत होती. तिच्या तोंडावरून काही वाचण्यात अर्थच नव्हता.

दुपार कलली. घड्यांवालीनं घडी घालता घालता मान वर केली आणि ताईंकडे पाहिलं. ताईंच्या ते लक्षात आलं. मग कोपऱ्यातल्या बाईनं पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं. एकेक करत अख्ख्या खोलीनं ताईंकडे पाहून घेतलं. कुणाच्या कपाळावर आठी नाही, कुणी काही बोलत नाही. ताईंना वाटलं, केस! सकाळपासून कुणी एक अक्षर काढलं नव्हतं, आता हळूच बघून घेताहेत. त्यांना लाज वाटली, बरंही वाटलं. त्यांनी कानामागं केस सारखे केले आणि सगळ्यांकडे पाहून छान हसल्या.

सगळ्या पुन्हा खाली मान घालून कामाला लागल्या.

तेवढ्यात धुतलेले कपडे न्यायला गाडीवाला अंगणातून आत आला. दारातच थबकला आणि ओरडला, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? धूर झालाय सगळा! इस्त्र्या काय करत बसलाय?"

ताईंनी मान वळवली. काचेच्या दारापलीकडे काही दिसतच नव्हतं. काच करडी झाली होती. दाराखालून धुराची पट्टी सरपटत रोलरच्या पायापर्यंत आली होती, आणि त्या पट्टीपासून हातभर अंतरावर एक बाई उभी राहून अभ्र्याला इस्त्री करत होती. ताई किंचाळल्या ते बहिणीचं नाव घेऊन, आणि दाराकडे धावल्या. गाडीवाल्यानं ओली चादर डोक्यावर ओढली, ताईंना कोपरानं मागं ढकललं आणि आत घुसला. धाकटीला त्यानं काखेत धरून ओढत बाहेर आणलं. तिचा चेहरा काळा पडला होता. जाळीतला पेटलेला भुगा तिनं हातांनीच ओढून काढायचा प्रयत्न केला होता. तळव्यांकडे बघवत नव्हतं.

आग बादल्यांनी विझली. म्हणजे सुरुवातीलाच कुणी हाक मारली असती, तर एका बादलीतच विझली असती.

दवाखान्यात दाराबाहेरच्या बाकावर सगळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. धाकटी वाचेल असं डॉक्टर म्हणाले. तळहातांचं मात्र आत्ताच काही सांगता येत नव्हतं. ताई उभ्याच होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यापासून. मी तुम्हाला फसवलं. हे सगळं माझ्यामुळं झालं."

आता आपल्यावर आकाश कोसळेल, शिव्या मिळतील, असं त्यांना वाटलं होतं.

"ठाऊक आहे," घड्यांवाली खाली बघत म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुम्हाला वास येत नाही ते. केव्हापासून ठाऊक आहे. माझ्यासमोर टॉवेल करपत होता, तुम्ही शेजारून गेलात. मी काही बोलले नाही. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाचं नाक आपण कशाला कापायचं."

बंबनं झटकन तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं? अगं, मला वाटलं मला एकटीलाच कळलंय! त्या माझ्या तोंडाकडे बघूनच ओरडायच्या की!"

"मलापण," कोपऱ्यातली म्हणाली.

"आणि मला."

सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रत्येकीनं एकच गोष्ट पोटात दाबून ठेवली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याशिवाय कुणाला याचा पत्ता नाही. आजवर चोरी एकट्या आपणच करतोय असं ताई समजत होत्या.

"मग ओरडला का नाहीत गं?" ताईंचा आवाज चिरकला. "मला वास येत नाही हे ठाऊक होतं ना? तुम्हाला तर येत होता!"

"येत होता," घड्यांवाली म्हणाली. "चांगला येत होता. पण तुम्ही हसलात."

याला काय म्हणायचं? आंधळ्याला रस्ता विचारावा, त्यानं हात दाखवावा आणि डोळसांनी तिकडंच चालत सुटावं, तसलाच हा प्रकार. शहाण्यासुरत्या, घर चालवणाऱ्या, बाजारात पै-पैला भांडणाऱ्या बायका. एकटी असती तर त्यातली कुठलीही पहिल्या वासालाच बोंब मारत बाहेर पळाली असती. दहा जणी जमल्या आणि दहाही जणी बसून राहिल्या.

संध्याकाळी नर्सनं ताईंना आत सोडलं. धाकटीचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवले होते. ताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तेच पुन्हा सांगायला सुरुवात केली, हिवाळा, ताप, नाक. धाकटीनं डोळे मिटले.

"ताई, दूध करपलं त्या दिवशीच कळलं मला. म्हणून तर रोज तुझ्या आधी उठून गॅस बघते मी."

ताईंना हा घाव सगळ्यांत खोल लागला. घरातसुद्धा! इतके महिने दोघी एका ओट्यावर, आणि दोघी गप्प.

"मग तुला तरी वास यायला हवा होता ना?" ताई म्हणाल्या.

"मला आधीच वास आला होता," धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "धूर दिसायच्याही आधी. मी काचेतून बाहेर पाहिलं. तुम्ही सगळ्या नेहमीसारख्या काम करत होतात. मला वाटलं, एवढ्या जणींना येत नाही, म्हणजे माझंच नाक बिघडलं असेल. तुझ्यासारखं. आपल्या घराण्यातच असेल, म्हटलं. म्हणून पुन्हा जाळी साफ करायला बसले."

ताईंनी तोंडावर हात दाबला. रडणं आवरलं नाही. बहिणीचे हात धरायचीही सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिचं पाऊल धरलं आणि तशाच बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं धाकटीनं नाक ओढलं. डोळे उघडून तिनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथली म्हातारी शांत पडली होती. मग पलीकडच्या खाटेकडे पाहायला तिनं मान वळवली.

ताई ताडकन उठल्या. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला.

"त्यांच्याकडं नको बघूस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडंही नको. कसला वास येतोय ते आधी सांग."

"काही नाही गं, मलमाचा असेल."

"असेल नको. नीट सांग."

धाकटीनं डोळे मिटून पुन्हा एकदा लांब श्वास घेतला. ताई दाराकडे तोंड करून, ओरडायच्या तयारीत उभ्या राहिल्या.