अक्कांचा रिकामा वाफा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली. सांगायचं ठरवून बसायचो आणि भलतंच काही बोलून उठायचो. आता ऐंशी ओलांडली, तरी लिहिताना दार लावून घेतलंय. कुणाची भीती? त्यातलं आज कुणी उरलेलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. चोपड्याच्या एका शाळेत मी शिक्षक होतो — हंगामी. जूनमध्ये मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे अक्कांच्या हातात. धुळ्यात आई आणि दोन बहिणी माझ्याकडे डोळे लावून बसलेल्या.

अक्कांच्या क्वार्टरसमोर एक वाफा होता. दिवसभर ऊन, सावली कुठेच नाही. त्यात सातपुड्याच्या कुरणातली झाडं — कळलावी, रानहळद, सफेद मुसळी, मधूनमधून पवन्या गवताचे ठोंब. पायथ्याच्या पाड्यावरचा रुमशा बाजाराला यायचा, त्यानं पाच-सहा वर्षांत एकेक कंद आणून लावलेला. आम्ही शिक्षक हसायचो. “अक्का, यंदा शेळी कधी सोडायची?” अक्का म्हणायच्या, “तुम्ही तुमच्या गुलाबांचे लाड करा. माझ्या झाडांना कुणाचे लाड लागत नाहीत.”

त्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी त्या दोन महिने भुसावळला गेल्या. जाताना वाफा माझ्यावर सोपवून बजावलं, “वाफ्याला पाणी घालायचं नाही. कंद झोपलेत. वर काही दिसणार नाही, घाबरू नका.”

पण मी घाबरलो. चैत्र सरला, मातीला बोटभर भेगा पडल्या आणि वर खरंच काही नाही. सगळं मेलं तर? माझ्या ताब्यात असताना मेलं तर? शाळेच्या विहिरीवरून मी रोज संध्याकाळी दोन बादल्या घालू लागलो. तीन आठवडे घातल्या. अक्कांच्या सांगण्यापेक्षा माझ्या भीतीवर माझा जास्त विश्वास होता — दुसरं काय म्हणू?

एका बाजाराच्या दिवशी रुमशा डोकावला. रिकाम्या हातानं. वाफ्यात बोट खुपसून त्यानं माती नाकाशी नेली. “मास्तर, पानी कोन टाकस? कंद सडी गयात.”

तो गेल्यावर मी एका जागी उकरलं. आत काळा, बुळबुळीत लगदा. माती पुन्हा सारखी केली, आणि त्या क्षणापासून आषाढापर्यंत मी नीट जेवलो नाही. अक्का परतल्या. शाळा सुरू झाली. माझा कागद अजून त्यांच्या टेबलावरच होता. बाहेर बांधाबांधावर कळलावी वर चढली आणि वाफा मात्र उघडाच. रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन तिथे उभ्या राहायच्या, मी खिडकीतून पाहायचो.

शेवटी त्यांनी उकरून पाहिलं. एव्हाना सगळं मातीत मिसळून गेलं होतं. कंदच नाहीत! मुसळीला वैद्य गिऱ्हाईक होते, हे त्यांना ठाऊक होतं; कुणीतरी कंद खणून विकले, असंच त्यांना वाटलं. रुमशाला बोलावलं, मलाही.

“मी हात बी नही लावा, अक्का,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “मास्तरले इचारा.”

माझ्यावर त्याचा भरवसा होता. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मला फक्त एवढंच दिसलं की हा आता पाण्याचं बोलणार.

अक्कांनी विचारलं, “आला होता का हा?”

“हो,” मी म्हणालो. इथवर खरं होतं. पुढचं कुणी विचारलंही नव्हतं — “हातात खुरपं होतं.”

रुमशा पाण्याचं बोलला. पण आता ते कोण ऐकणार? अक्कांनी वनरक्षकाला कळवलं. दोन दिवस त्याला वनखात्याच्या नाक्यावर बसवून ठेवलं. पुढच्या बाजारात तो दिसला तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. मी किराणा दुकानात शिरलो आणि तो दिसेनासा होईपर्यंत गुळाचा भाव विचारत राहिलो. त्याच महिन्यात मी कायम झालो. अक्कांनी स्वतः पेढा भरवला.

पुढची कितीतरी वर्षं मी बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडायला भ्यायचो.

निवृत्त झाल्यावर एकदा धीर केला. एसटीनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून पायी पाड्यावर. रुमशा दारातच बसलेला, पार म्हातारा. त्यानं मला ओळखलं. खाट ओढली, आत पाण्यासाठी हाक दिली आणि विचारलं, “मास्तर, इतला दूर कसा काय?”

वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. रुमशाभाऊ, मी खोटं बोललो, मला माफ कर. सगळं तोंडाशी आलं होतं.

“सहज,” मी म्हणालो. “सहजच आलो होतो.”